उषा मेहता

डॉ. उषा हरिप्रसाद मेहता (२५ मार्च १९२० – ११ ऑगस्ट २०००) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, गांधीविचाराच्या अभ्यासक आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. १९४२च्या भारत छोडो आंदोलनात मुंबई शहरात चालवल्या गेलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या त्या प्रमुख संघटक आणि निवेदिका होत्या. हे केंद्र २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ या काळात जागा बदलत कार्यरत राहिले. त्याबद्दल त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९९८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण या किताबाने गौरविले.

प्रारंभिक जीवन

उषा मेहता यांचा जन्म गुजरातमधील सुरत शहराजवळील सरस या गावी झाला. वडील हरिप्रसाद हे ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते, त्यामुळे स्वातंत्र्याच्या चळवळीत मुलीने उघडपणे भाग घेणे त्यांना पसंत नव्हते. बालपणी अहमदाबादच्या आश्रमात उषा यांनी महात्मा गांधींना प्रथम पाहिले. पुढे त्यांच्या गावाजवळ गांधीजींचे शिबिर भरले, तेव्हा त्यांनी तेथे सूत कातण्याचे धडे घेतले. हा संस्कार आयुष्यभर टिकला. खादी आणि साधी राहणी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१९२८ मध्ये सायमन आयोगाच्या विरोधात निघालेल्या निदर्शनांत त्या सहभागी झाल्या. तेव्हा त्यांचे वय आठ वर्षांचे होते. मुलांच्या अशाच एका मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ध्वज घेतलेली मुलगी ध्वजासह खाली पडली. या प्रसंगानंतर मुलांनी ध्वजाच्या तीन रंगांचे कपडे शिवून घेतले आणि ते अंगावर घालून पुन्हा मिरवणूक काढली. ध्वज हातातून पाडता येतो, अंगावरचा रंग पाडता येत नाही, हा त्यामागचा बालसुलभ पण नेमका विचार होता.

१९३० मध्ये वडील सेवानिवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला स्थायिक झाले. वडिलांच्या नोकरीमुळे असलेले बंधन आता राहिले नाही. उषा यांनी गुप्त पत्रके वाटणे, कारागृहात असलेल्यांना भेटून त्यांचे निरोप बाहेर पोहोचवणे अशी कामे केली. निरोप सुरक्षितपणे एका हातून दुसऱ्या हाती देण्याची सवय त्यांना अशी लहान वयातच लागली.

शिक्षण

खेडा व भरूच येथे सुरुवातीचे शिक्षण झाल्यानंतर मुंबईत चंदारामजी विद्यालयातून त्या मॅट्रिक झाल्या. विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्यांनी प्रथम श्रेणीत पदवी मिळवली. त्यानंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला. १९४२ मध्ये आंदोलनाची हाक येताच तो अभ्यास त्यांनी सोडून दिला.

१९४२ची पार्श्वभूमी

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने भारत छोडोचा ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रमुख नेत्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात आणि कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. आंदोलनाच्या वृत्तांवर कडक बंधने आली. गांधीजींचे हरिजन साप्ताहिक बंद पाडण्यात आले. ऑल इंडिया रेडिओ सरकारच्या ताब्यात होता. आंदोलन देशभर पेटलेले होते, परंतु एका जिल्ह्यात काय घडले हे शेजारच्या जिल्ह्याला कळण्याचे विश्वसनीय साधन उरले नव्हते.

मुंबई इलाख्याच्या अंतर्भागातही हीच अवस्था होती. खानदेशात काँग्रेसचे काम खोलवर रुजले होते. १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात बालवीर शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती मृत्युमुखी पडले. त्याआधी १६ ऑगस्ट रोजी विदर्भात आष्टी आणि चिमूर येथे मोठा उद्रेक झाला होता आणि त्यानंतर चिमूरमधील ग्रामस्थांवर अत्याचार झाले होते. अशा घटनांची खरी हकीकत दडपली गेली की तिची जागा अफवा घेत. नेतृत्वहीन आंदोलनासाठी ही गोष्ट दडपशाहीइतकीच घातक होती.

उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नभोवाणीचा मार्ग निवडला तो या कारणाने. छापखान्याला टाळे ठोकता येते, पत्रके जप्त करता येतात. पण एकदा हवेत गेलेला ध्वनी परत घेता येत नाही, हे त्यांनी ओळखले.

गुप्त केंद्राची उभारणी

केंद्र उभारण्याचा निर्णय ऑगस्टच्या मध्यास झाला. बाबूभाई या नावाने परिचित असलेले विठ्ठलदास माधवजी खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि उषा मेहता हे या कामातील प्रमुख कार्यकर्ते होते. शिकागो रेडिओ या प्रसिद्ध व्यवसायाचे नानक मोटवाणी यांच्याकडून साहित्य आणि तंत्रज्ञांची मदत मिळाली. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे काम त्यांचीच पेढी करीत असे. भूमिगत असलेले डॉ. राममनोहर लोहिया यांना या प्रयत्नांची माहिती कळल्यावर त्यांनी कार्यकर्त्यांशी संपर्क साधला. त्यामुळे स्वतंत्रपणे चाललेल्या हालचालींना एकसूत्रता आली आणि केंद्राला राजकीय मार्गदर्शन लाभले. अच्युतराव पटवर्धन आणि पुरुषोत्तम त्रिकमदास यांचेही साहाय्य होते.

प्रक्षेपक मिळवणे ही पहिली अडचण होती. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे परवानेही रद्द करण्यात आले होते आणि त्यांना आपली यंत्रे जमा करावी लागली होती. तयार प्रक्षेपक बाजारात मिळणे शक्य नव्हते. नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने सुटे भाग जमवून प्रक्षेपक जुळवला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर या तरंगलांबीवर पहिले प्रक्षेपण झाले. निवेदनात केंद्राचे नाव आणि तरंगलांबी सांगितली जाई. स्थान मात्र भारतात कोठेतरी असे मोघम सांगितले जाई.

तांत्रिक रचना

४२.३४ मीटर ही तरंगलांबी म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ वारंवारता होय. ती लघुलहरींच्या पट्ट्यात मोडते. या लहरी दोन मार्गांनी प्रवास करतात. काही लहरी जमिनीलगत जातात आणि काही दहा किलोमीटरपर्यंत पोहोचून क्षीण होतात. उरलेल्या आकाशाकडे जातात आणि वातावरणाच्या वरच्या आयनांबराकडून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे मोठ्या शक्तीचे यंत्र नसतानाही लांबच्या श्रोत्यापर्यंत पोहोचणे शक्य होते. धुळे, अमळनेर, पारोळा ही गावे मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहेत. अशी अंतरे या वारंवारतेच्या आटोक्यातील असतात. दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरींचा बराच अंश शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर हे शोषण कमी होते. काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण आरंभी दिवसातून दोनदा होई, पुढे ते केवळ संध्याकाळी होऊ लागले. श्रोते घरी असण्याची वेळ आणि लहरींना अनुकूल वेळ येथे एकच होती.

मात्र जो गुण श्रोत्याला उपयोगी, तोच पोलिसांनाही उपयोगी होता. बिनतारी यंत्र बोलू लागले की ते आपली दिशाही सांगते. वेटोळ्याच्या आकाराचा अँटेना फिरवत गेल्यास ठरावीक स्थितीत आवाज क्षीण होतो आणि त्यावरून लहर कोणत्या रेषेवरून येते हे समजते. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की त्या जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो. यंत्र जितका वेळ चालू राहील, तितकी शोधणाऱ्याला रेषा काढण्यास सवड मिळते. पोलिसांची दिशाशोधक वाहने मुंबईच्या रस्त्यांवर फिरत होती. काँग्रेस रेडिओच्या प्रक्षेपणात व्यत्यय आणण्याचेही प्रयत्न झाले.

अँटेना हीदेखील लपवण्यास अवघड वस्तू होती. या तरंगलांबीची अर्धी लांबी सुमारे २१ मीटर आणि चतुर्थांश लांबी साडेदहा मीटर भरते. एवढ्या लांबीची तार उंचावर आणि मोकळ्या जागी ताणावी लागते, अन्यथा यंत्राची बरीचशी शक्ती वाया जाते. म्हणून अशा कामासाठी केवळ आडोसा पुरत नाही. वस्तीत असूनही लक्ष वेधून न घेणारी, उंच आणि विजेची सोय असलेली जागा लागते. तशी जागा मिळाली तरी ती फार काळ वापरणे धोक्याचे असते.

या अडचणींवर कार्यकर्त्यांनी तीन उपाय योजले. पहिला उपाय कामांच्या विभागणीचा होता. ध्वनिमुद्रण एका ठिकाणी आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी होई. भाषणे व वृत्ते तबकड्यांवर मुद्रित करून प्रक्षेपकापर्यंत नेली जात. त्यामुळे प्रक्षेपणाच्या जागी मोजकी माणसे आणि थोडा वेळ पुरे. दुसरा उपाय वेळेचा संकोच हा होता. कार्यक्रम आटोपशीर असे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे जागा बदलत राहणे.

जागांची साखळी

प्रक्षेपक क्रमाक्रमाने मुंबईच्या निरनिराळ्या भागांत हलवण्यात आला. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम मार्गावरील अजित व्हिला, सँडहर्स्ट मार्गावरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी, वाळकेश्वर मार्गावरील रतन महाल आणि अखेरीस महालक्ष्मी मंदिराजवळील पॅराडाइज बंगला या त्या जागा होत. अडीच महिन्यांच्या कालावधीत सरासरीने एका जागेच्या वाट्याला दोन आठवड्यांहून कमी काळ आला.

प्रत्येक स्थलांतर हे एक स्वतंत्र कार्य होते. नवी जागा भाड्याने घेताना शंका येऊ द्यायची नाही, अवजड यंत्र शेजाऱ्यांच्या नजरेआडून न्यायचे, तार ताणायची, यंत्र पुन्हा त्याच तरंगलांबीवर जुळवायचे आणि हे सर्व संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेआधी पूर्ण करायचे. तरंगलांबी बदलली असती तर पोलिसांबरोबर श्रोतेही चुकले असते. केंद्राचा पत्ता अस्थिर आणि आवाजाची जागा स्थिर, असा हा मेळ होता. श्रोत्याच्या दृष्टीने केंद्र कोठेही हलले नव्हते.

कार्यक्रमांचे स्वरूप

कार्यक्रमाचा आरंभ हिंदुस्ताँ हमारा या गीताने आणि समारोप वंदे मातरम्‌ने होई. निवेदन हिंदुस्थानी आणि इंग्रजी या भाषांत असे. हिंदुस्थानी निवेदन बहुधा उषा मेहता करीत. इंग्रजी वाचनात कूमी दस्तूर यांचा सहभाग होता. लोहिया आणि अच्युतराव यांची भाषणेही प्रक्षेपित झाली.

वृत्ते देशाच्या निरनिराळ्या भागांतून निरोप्यांमार्फत येत. काँग्रेस समितीच्या मुंबईतील भूमिगत कार्यालयाकडूनही ती मिळत. चितगावावरील हवाई हल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप आणि बलिया येथील घटना यांची वृत्ते या केंद्राने दिली. आष्टी आणि चिमूर येथील अत्याचारांची सविस्तर हकीकतही या केंद्रावरून ऐकवण्यात आली. त्या काळी वृत्तपत्रे अशा विषयांना हात लावण्यास धजत नव्हती. विद्यार्थी, कामगार, शेतकरी, वकील आणि सैनिक अशा वेगवेगळ्या वर्गांना उद्देशून सूचना दिल्या जात. जातीय सलोखा राखण्याचे आवाहनही वारंवार केले जाई.

ग्रामीण भागात रेडिओसंच फारच थोडे होते. तरीही एखाद्या गावातील एका संचावर ऐकलेली वार्ता तोंडी किंवा हस्तलिखित पत्रकांतून पसरू शकत असे. केंद्राचा खरा श्रोता संचाजवळ बसलेला एकटा मनुष्य नव्हता. त्याच्याकडून ऐकणारा समूह हा होता.

पॅराडाइज बंगल्यावरील छापा

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी बाबूभाई खाकर यांच्या कार्यालयावर छापा घातला. उषा मेहता यांनी पुढील काळात केलेल्या कथनानुसार त्या वेळी त्या जवळच होत्या आणि केंद्राची कागदपत्रे घेऊन त्या तेथून निसटल्या. तेथून त्या ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या. संध्याकाळचा कार्यक्रम तेथे तयार होत होता. धोका जवळ आल्याचे स्पष्ट असल्याने पर्यायी प्रक्षेपक उभा करण्याविषयी त्यांनी तंत्रज्ञाशी बोलणे केले आणि नंतर चंद्रकांत झवेरी यांच्यासह त्या पॅराडाइज बंगल्यावर गेल्या.

त्या संध्याकाळचे प्रक्षेपण रद्द करण्याचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. नेहमीप्रमाणे आरंभीचे गीत झाले, वृत्ते आणि भाषण झाले आणि अखेरचे वंदे मातरम् लावलेले असतानाच दारावर धक्के बसू लागले. पोलिस तीन दारे फोडून आत आले. गीत थांबवण्याचा हुकूम झाला. उषा मेहता यांनी तो मानला नाही, गीत चालूच राहिले. या जागेपर्यंत पोलिसांना नेणारी माहिती तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर यांच्याकडून मिळाली होती.

चौकशी आणि खटला

अटकेनंतर सुमारे सहा महिने गुन्हे अन्वेषण विभागाने उषा मेहता यांची चौकशी केली. या काळात त्यांना एकांतवासात ठेवण्यात आले. चळवळीची माहिती दिल्यास परदेशी शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही त्यांना दाखवण्यात आले. त्यांनी काहीही सांगितले नाही. खटल्याच्या वेळी प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे काय, एवढेच त्यांनी न्यायाधीशांना विचारले. तसे बंधन नाही असे समजल्यावर त्यांनी स्वतःच्या बचावासाठीही एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. भूमिगत असलेल्या सहकाऱ्यांच्या जिवाशी या मौनाचा थेट संबंध होता.

विशेष न्यायालयापुढे विठ्ठलदास खाकर, उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि नानक मोटवाणी या पाच जणांवर खटला चालला. केंद्राची प्रक्षेपणे सरकारी यंत्रणेने ऐकून उतरवून घेतली होती. हे लेखी वृत्तांत न्यायालयात पुरावा म्हणून सादर झाले. पुढे हीच टिपणे इतिहासाभ्यासकांच्या उपयोगी पडली. आरोप सिद्ध करण्यासाठी जमवलेल्या त्या कागदांमुळेच काँग्रेस रेडिओचे शब्द टिकून राहिले. मे १९४३ मध्ये लागलेल्या निकालात खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहता यांना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाणी यांची मुक्तता झाली. विठ्ठलदास झवेरी यांनी पुढे गांधीजींच्या जीवनावरील महात्मा हा प्रसिद्ध अनुबोधपट तयार केला.

कारावास

शिक्षेचा काळ उषा मेहता यांनी पुण्याच्या येरवडा कारागृहात काढला. कारावासात त्यांची प्रकृती ढासळली आणि उपचारांसाठी त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ठेवावे लागले. तेथेही त्यांच्यावर अहोरात्र पहारा होता. प्रकृती सुधारल्यावर त्यांना पुन्हा येरवड्याला नेण्यात आले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आले आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. त्यांच्या आदेशाने ज्या राजबंद्यांची सुटका झाली त्यांत उषा मेहता अग्रभागी होत्या.

उत्तर जीवन

कारावासाने खालावलेल्या प्रकृतीमुळे स्वातंत्र्यप्राप्तीच्या काळात त्यांना सार्वजनिक कार्यक्रमांपासून बहुतांशी दूर राहावे लागले. त्यानंतर त्या शिक्षणाकडे वळल्या. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्याच विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्राचे अध्यापन केले आणि विभागप्रमुखपद सांभाळले. १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. इंग्रजी आणि गुजराती या भाषांत त्यांनी लेखन केले. त्या आजन्म अविवाहित राहिल्या.

गांधी स्मारक निधीशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि मुंबईच्या मणिभवन या गांधी संग्रहालयाच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मणिभवन लॅबर्नम मार्गावर आहे. १९४२ मध्ये याच मार्गावरील अजित व्हिलातून काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण झाले होते.

स्वातंत्र्योत्तर सार्वजनिक जीवनातील सत्तालोभ आणि भ्रष्टाचार यांविषयी त्यांनी उतारवयात स्पष्ट शब्दांत खंत व्यक्त केली. त्याचबरोबर लोकशाही टिकवून धरण्यात देशाला आलेल्या यशाची नोंद घेण्यासही त्या विसरल्या नाहीत.

ऑगस्ट क्रांतीच्या वार्षिक कार्यक्रमांना त्या नियमाने उपस्थित राहत. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरील कार्यक्रमाला गेल्या. हे मैदान म्हणजेच पूर्वीचे गवालिया टँक होय. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

काँग्रेस रेडिओचे महत्त्व सांगताना बहुधा त्यातील साहस पुढे येते. साहसाइतकीच त्यामागील योजना विचारात घेण्याजोगी आहे. प्रतिकूल परिस्थितीत बिनतारी संपर्क टिकवण्याचा प्रश्न अभियंत्यांना आजही सोडवावा लागतो. पूर, भूकंप किंवा युद्ध यांसारख्या आपत्तीत एकाच मोठ्या केंद्रावर विसंबलेली व्यवस्था ते केंद्र पडताच बंद होते. त्यामुळे लहान शक्तीची अनेक यंत्रे विखुरून ठेवणे, एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम उचलणे आणि आवश्यक तेवढाच वेळ बोलणे ही तत्त्वे आता मान्य झाली आहेत. १९४२च्या मुंबईत प्रतिकूलता निसर्गाची नव्हती, शोधणाऱ्या राज्यसत्तेची होती. काँग्रेस रेडिओच्या कार्यकर्त्यांनी हीच तत्त्वे गिरगाव, वाळकेश्वर आणि महालक्ष्मीच्या घरांतून अनुभवाने अमलात आणली.

या रचनेतील उणीवही तितकीच बोधप्रद आहे. जागा अनेक होत्या, परंतु एका वेळी बोलणारा प्रक्षेपक एकच होता. पर्यायी यंत्राचा विचार झाला तोवर वेळ निघून गेली होती. यंत्राचे ज्ञानही मोजक्याच व्यक्तींकडे एकवटले होते. दिशाशोधक वाहनांना अडीच महिने चकवणारे केंद्र अखेर माणसाने दिलेल्या माहितीमुळे सापडले. जागांचे विकेंद्रीकरण झाले, ज्ञानाचे झाले नाही. केंद्र पडल्यानंतर भूमिगत सहकाऱ्यांपर्यंतचा माग ज्या ठिकाणी तुटला ते ठिकाण म्हणजे उषा मेहता यांचे चौकशीतील आणि न्यायालयातील मौन होय. प्रक्षेपकासमोर रोज बोलणारी बावीस वर्षांची तरुणी पोलिसांपुढे सहा महिने गप्प राहिली, आणि केंद्राच्या कार्याचा तोही एक भाग ठरला.

गौरव आणि स्मृती

१९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. अभ्यासक उषा ठक्कर यांनी काँग्रेस रेडिओवर संशोधनपर ग्रंथ लिहिला असून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरकारी यंत्रणेने नोंदवलेल्या प्रक्षेपणांचा आधार घेतलेला आहे. २०२४ मध्ये उषा मेहता यांच्या जीवनावर आधारित ऐ वतन मेरे वतन हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात त्यांची भूमिका सारा अली खान यांनी केली.